उलट्या बाजूचा समुद्र

परवा दुपारी मामेबहिणीच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. "मावशी, चेन्नईला यायला बेस्ट सीझन कुठला गं? आम्हाला नुसतं बीचवर लोळायचंय." हा प्रश्न मला चौदा वर्षं येतोय. बँकेनं माझी इथे बदली केली, तेव्हापासून आमच्या अख्ख्या गोतावळ्याचं हवामान खातं माझ्याकडे आहे. उत्तर तोंडपाठ आहे: डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी अखेर. इथला मार्गळी महिना. पहाटे अंगावर शाल घ्यावी असं निदान वाटतं तरी, मैलापूरच्या गल्ल्यांत दारोदार हातभर रांगोळ्या, संगीतसभांमधून दिवसभर गाणं, सभेच्या कॅन्टीनमध्ये वाफाळता पोंगल, आणि समुद्रही अगदी शहाण्या मुलासारखा. परवा मात्र ते सांगितलं नाही. "बघते, सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला. ती बिचारी गोंधळली असेल.

खिडकीबाहेर वारा फिरला होता. इथे ऑक्टोबरच्या शेवटाला एक दिवस असा येतो की वारा दिशा बदलतो आणि ते कुणी सांगावं लागत नाही. उन्हाळाभर खारट, घामट वारा असतो. हा येतो तो ईशान्येकडून, थंड, ओला. कोळीवाड्यात त्याला 'वाडै' म्हणतात. वाडै सुटली की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, कपाटातल्या पुस्तकांना बुरशीचा वास येतो, आणि दाराच्या कड्या फुगलेल्या लाकडात अडकून बसतात. हे सगळं मी सहन करते. पण त्याच दिवसापासून संध्याकाळी समुद्रावर जायचं बंद करते. माझ्याबरोबर चालायला येणाऱ्या बायकांना सांगते, गुडघा दुखतो. गुडघा ठणठणीत आहे.

ऋतू निवडणं हे मला फार आवडायचं काम होतं, हेही कबूल केलं पाहिजे. एप्रिलमध्ये कुणी येतो म्हटलं की मी म्हणायची, वेडी का खुळी, कातडं सोलून निघेल. मे महिन्यातली 'कत्तिरी' म्हणजे उन्हाचा कळस, तेव्हा तर नावच काढायचं नाही. जुलैत आडी महिना लागतो, धुळीचा वारा. सप्टेंबरात घामाच्या धारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस. असं एकेक महिना खोडत गेलं की उरतात जेमतेम सहा आठवडे, आणि त्या सहा आठवड्यांत लोकांच्या मुलांच्या शाळा असतात. आईच्या बाबतीत मी हेच करत आले. ती दहा वर्षं "येते गं तुझ्याकडे" म्हणत होती आणि मी दहा वर्षं "जानेवारीत ये" म्हणत होते. जानेवारीत तिचं काही ना काही निघायचं. कधी संक्रांतीचं हळदीकुंकू, कधी कुणाची मुंज, कधी खोकला.

आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यात पाऊस दसऱ्याला संपतो. ते इतकं पक्कं असतं की दिवाळीच्या सुटीत समुद्र म्हणजे निळा, वाळू कोरडी, हे कुणाला विचारावंसंही वाटत नाही. आमचा शिरीष, माझा धाकटा भाऊ, सांगलीत कॉलेजात शिकवतो, पण त्याचीही गत तीच. चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, दिवाळीला येतोय आम्ही. आईला घेऊन."

"दिवाळीत? अरे, इथे तेव्हाच तर पाऊस सुरू होतो. जानेवारीत या की."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाला, "काल आईनं मला विचारलं, तुम्ही कुणाकडचे? डॉक्टर म्हणतात हे आता वाढतच जाणार. जानेवारीपर्यंत ती तुला ओळखेल, असं मी तुला सांगू शकत नाही."

 तरीही, आज लाज वाटते सांगायला, माझ्या तोंडून गेलं, "निदान छत्र्या आणा." फोन ठेवल्यावर मला एकच वेड लागलं. आईनं मला ओळखलं पाहिजे. एकदा, माझ्या घरात, माझं नाव घेऊन.

तिनं ओळखलं. सेंट्रल स्टेशनवर गाडीतून उतरल्या उतरल्या माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "सुमन, वाळलीस किती." जिवात जीव आला. मला वाटलं, शिरीष उगाच घाबरवतोय. पहिले तीन दिवस ती स्वच्छ होती. माझा स्वयंपाकघरातला पसारा पाहून तिनं नाक मुरडलं, सांबारात गूळ घातला, आणि समोरच्या दारातल्या रुक्माक्कांशी मैत्री केली.

रुक्माक्का तंजावरकडच्या. कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं दक्षिणेत आलं, ते इथलंच झालं. घरात मराठी बोलतात, पण ती आपल्या कानांना जुन्या कागदपत्रांतली वाटते आणि चाल तिला तमिळची. आईला पाहून त्या दारातूनच म्हणाल्या, "या गो, या. गावाकडून अस्के बरे आहात की? बैसा." अस्के म्हणजे सगळे. आई बसली. हसली, बोलली. घरी आल्यावर मात्र माझा हात धरून दबक्या आवाजात म्हणाली, "ती बाई कोण आहे?"

"अगं शेजारीण. का?"

"ती आमच्या काकूआजीसारखं बोलते. मेलेल्या माणसांची भाषा आहे ती, सुमन. तिला माहीत आहे का, ती गेलीय ते?"

मी हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर रुक्माक्कांचा आवाज जिन्यात आला की माझ्याही मानेवरून काहीतरी सरकायचं.

त्या वर्षीचा पाऊस सलग नव्हता. तो यायचा, तासभर कोसळायचा, आणि मग एकदम थांबायचा. मग जे व्हायचं ते वाईट. शहराचा आवाज बंद पडल्यासारखा व्हायचा. साचलेल्या पाण्यात गाड्या उभ्या, दुकानांची शटरं अर्ध्यावर, कावळे तारांवर ओळीनं बसलेले आणि ओरडत नाहीत. आमच्या सांथोम भागाच्या मागच्या वाळूवर गेलं की समुद्र निळा नाही, हिरवा नाही, चहाच्या गाळासारखा. नद्यांनी आणून टाकलेली जलपर्णी किनाऱ्यावर ढिगानं पडलेली. तिच्या ढिगातून कधी पाणसाप निघायचा आणि खाऱ्या पाण्याला लागला की माघारी वळायचा. भूगोलात शिकवतात ती सुंदर पुळण ही नव्हे. आईला मात्र ती सोडवेना. सकाळ-संध्याकाळ, पाऊस थांबला की चप्पल घालून तयार.

आईचं माहेर गुहागरच्या बाजूचं, समुद्राला लागून. सांगलीत सत्तावन्न वर्षं संसार केला, पण मनानं ती त्या वाळूवरच राहिली. चौथ्या दिवशी पहाटे मी तिला सूर्योदय दाखवायला नेलं. समुद्रातून लाल गोळा वर यायला लागला तशी ती चार पावलं मागे सरली. पदर तोंडावर धरला.

"काय झालं गं?"

"काल बुडाला ना तो? परत कसा आला?"

मी समजावलं. आई, हा पूर्वेचा समुद्र. आपल्याकडे पश्चिमेला असतो, तिथे सूर्य मावळतो, इथे उगवतो. तिनं मान डोलावली, पण सूर्य पुरता वर येईपर्यंत तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. बुडालेलं वर येताना पाहू नये, एवढंच पुटपुटली. घरी जाऊन तिनं देवापुढे दिवा लावला आणि मला मुकाट्यानं हातपाय धुवायला लावले.

संध्याकाळी याहून अवघड. तिला सूर्यास्त बघायचा असायचा. ती समुद्राकडे तोंड करून वाळूत बसायची आणि वाट बघायची. सूर्य तिच्या पाठीमागे, इमारतींच्या आड कधीच गेलेला. समोरचं पाणी हळूहळू काळं होत जायचं, कुठलाही रंग न बदलता. एक दिवस मावळतीला ढग फाटले आणि मागून पिवळंजर्द ऊन आलं. किनाऱ्यावर तुरळक माणसं होती. त्या सगळ्यांच्या सावल्या एकाएकी लांब झाल्या आणि वाळू ओलांडून पाण्यात शिरल्या. आमच्याही. माझ्या आयुष्यात मी ते शंभरदा पाहिलं असेल, पण लक्ष गेलं नव्हतं. आपल्याकडच्या समुद्रावर संध्याकाळी सावली आपल्या मागे पडते, घराच्या बाजूला. इथे ती पुढे जाते. आईनं पाय पोटाशी ओढून घेतले. "चल," म्हणाली. "आपल्याला सोडून चालल्यात त्या."

जिन्यात रुक्माक्का भेटल्या. त्यांना सांगितलं तर त्या चमकल्या नाहीत. "सांजचे समुद्राचे मोरे बैसूं नये मा," म्हणाल्या. म्हणजे समुद्रासमोर. "आम्ही बैसत नाही." मी हो हो केलं. बँकेत वीस माणसांवर हुकमत गाजवणारी बाई मी, सावल्यांना काय भिणार.

आई त्यानंतरच्या मार्चमध्ये गेली. सांगलीला, झोपेत. लोक म्हणाले सुटली. मी गेले, दिवस करून आले, रजा संपली, कामाला लागले. तेव्हा रडले ते रीतसर. पण कुणी मला विचारलं, आई कधी गेली, तर माझ्या मनात मार्च येत नाही. नोव्हेंबरातला तो मंगळवार येतो.

त्या दिवशी शिरीष बायकोमुलांना घेऊन महाबलिपुरमला गेला होता. रात्रीशिवाय येणार नव्हता. मी अर्धी रजा टाकून आईजवळ थांबले. सकाळपासून तिचं एकच चाललं होतं. "मला आजोळी जायचंय." कुठे आहे आजोळ, म्हटलं तर, "असं काय करतेस? उत्तरेला. वाळूवाळूनं गेलं की खाडी. पलीकडे आजोळ." मी म्हटलं, जाऊ हं. लहान मुलाला म्हणावं तसं. साडेचारला पाऊस थांबला, तशी तिला वाळूवर घेऊन गेले.

फेस मी पहिल्यांदा त्या दिवशी इतका पाहिला. पहिल्या मोठ्या पावसांनंतर शहराचं सगळं सांडपाणी नदीतून समुद्रात येतं आणि लाटा ते घुसळून फेस करतात. गुडघाभर उंच, पांढराशुभ्र. किनारा जिकडे बघावं तिकडे कापूस पिंजून टाकल्यासारखा. वाडै आली की तो सगळा थरथरायचा. त्याचे गोळे तुटून वाळूवरून पळत सुटायचे, आवाज न करता. वास साबणाचा, आणि साबणाच्या खाली गटाराचा. लाटा फेसाखाली फुटत होत्या, त्यामुळे दिसत नव्हत्या. नुसता पांढरा थर वर यायचा, खाली जायचा. झोपलेल्या माणसाची चादर हलते तसा.

आईला एका उलट्या ठेवलेल्या होडीला टेकवून बसवलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. आवाज ऐकू येईना म्हणून मी देवळाच्या भिंतीआड गेले. सात मिनिटं बोलले असेन. फार तर आठ. परत आले तर होडी होती. आई नव्हती.

मी आधी हाक मारली नाही. मला वाटलं, हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर? मग मारली. "आई!" वाऱ्यानं ती तोंडातून काढून घेतली. होडीजवळ तिच्या चपला जोडीनं काढून ठेवलेल्या होत्या, देवळाबाहेर काढतात तशा.  फेस होडीपासून दहा पावलांवर आला होता.

उत्तरेला, ती म्हणाली होती. मी उत्तरेला धावले. दीपस्तंभ उत्तरेला, घराकडे जायची गल्ली उत्तरेला, रोज आमचं चालणं उत्तरेला. जाळी विणणाऱ्यांना विचारलं, मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईला विचारलं. पोपटी लुगडं, पांढरे केस, अनवाणी. कुणी पाहिली नव्हती. दीपस्तंभापर्यंत गेले. मावळतीचं ऊन पुन्हा फाकलं होतं आणि माझी सावली माझ्या उजव्या हाताला, पाण्यात, माझ्याबरोबर पळत होती. तिच्याकडे बघायचं नाही म्हणून मी मान डावीकडे वळवून धावत होते, आणि त्यामुळेच एकदम थांबले.

समुद्र माझ्या उजव्या हाताला होता.

आईच्या गावी वाळूवरून उत्तरेला जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. तिनं आयुष्यात कधी होकायंत्र पाहिलं नव्हतं. तिची उत्तर म्हणजे समुद्र डाव्या हाताला ठेवून चालत राहणं. इथे समुद्र डावीकडे ठेवून चाललं की माणूस दक्षिणेला जातं. मी वीस मिनिटं तिच्यापासून लांब लांब धावत होते.

रस्त्यावर येऊन रिक्षा पकडली. दक्षिणेकडच्या पट्टिनपाक्कमला उतरले. तिथे पाडलेल्या जुन्या चाळींचे सांगाडे समुद्रापर्यंत जातात. खिडक्या आहेत, खोल्या नाहीत. एक बाई प्लास्टिकखाली मासे झाकत बसली होती. तिला विचारलं. तिनं हात न थांबवता हनुवटीनं दाखवलं. "पाट्टीया? अंद पक्कम पोनांग." आजी ना, त्या बाजूला गेली. मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, कोणाशी तरी बोलत चालली होती. कोणाशी, मी विचारलं. बाई म्हणाली, दुसरं कुणी मला दिसलं नाही.

पुढे अड्यार नदीचं मुख. नदीला पूर आलेला. पलीकडे एक अर्धा वाहून गेलेला पूल, कुठूनही न येणारा आणि कुठेही न जाणारा. जिथे नदी आणि समुद्र एकमेकांत शिरतात, तिथे फेस माणसाच्या कमरेइतका चढला होता. त्याच्या कडेला आई उभी होती. घोटे फेसात. लुगडं एका हातानं वर धरलेलं. तोंड पलीकडे.

मी हळू गेले. धावले असते तर ती दचकून पुढे गेली असती. जवळ जाऊन तिच्या दंडाला धरलं. दंड थंडगार होता.

"तर कधी सुटायची हो?" तिनं विचारलं. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. "मघापासून उभ्या आहोत आम्ही. तो बघा, पलीकडून हात करतोय, पण आणत नाही."

मी पलीकडे पाहिलं. अर्धा पूल, पिवळं ऊन, त्याखाली पांढरं हलणारं काहीतरी. हात करणारं कुणी नव्हतं. मी पाहिलं तेव्हा तरी नव्हतं. हे वाक्य मी असंच लिहिणार आहे, कारण त्याहून जास्त खात्री मला आजही देता येत नाही.

"आज तर बंद आहे," मी म्हटलं. "पूर आलाय ना." हे तिला पटलं. कोकणात पावसाळ्यात बंदच असते. ती निमूट वळली. वळताना माझ्याकडे पाहून ओशाळं हसली, परक्या माणसाला आपल्यामुळे त्रास झाला की हसतात तसं. "तुम्हाला उगाच खोळंबा," म्हणाली.

तुम्हाला. पन्नाशीच्या बाईला आईनं तुम्ही म्हटलं तर किती लागतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

रिक्षात ती माझा हात धरून बसली, पण तो आधाराला धरतात तसा. पायांचा फेस सुकून पांढरे कंगोरे उमटले होते. मी विचारलं, "तुम्ही कुणाकडे राहता?" माझाच आवाज मला परका लागला. "मुलीकडे," ती म्हणाली. "सुमन नाव तिचं. मोठ्या बँकेत आहे. फार काम असतं हो तिला. मी आले ते तिला बघायला, पण दिवसभर भेटतच नाही." आणि मग, माझ्या कानाशी, "तुम्हाला म्हणून सांगते. मला थोडं विसरायला होतंय. तिला कळू दिलं नाही अजून. तिचा चेहरा मी रोज सकाळी पाठ करते."

 मी रस्त्याकडे बघत राहिले. बाहेर दिवे लागले होते आणि रिपरिप सुरू झाली होती.

घराशी आलो. जिना चढलो. रुक्माक्कांचं दार बंद होतं. लाकूड ओलीनं फुगलं होतं, मी खांदा लावून दार ढकललं. आई आत गेली, सराईतासारखा दिवा लावला, पदराला हात पुसले आणि वळली. मी उंबऱ्यातच होते. माझ्या घराच्या उंबऱ्यात.

"बाहेर का उभ्या? या ना आत," ती म्हणाली. "इतकं केलंत, चहा तरी घेऊन जा. माझी मुलगी येईलच इतक्यात. भेटून जा तिला."

मी आत गेले. पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. तिनं गॅस न लावताच माझ्या हातात रिकामा कप दिला आणि समोर बसली. मी तो दोन्ही हातांत धरला. मग आम्ही दोघी दाराकडे बघत, माझी वाट बघत बसलो.